व्याह्यांचा मान आणि माझा डावा पाय

“डाव्या पायाचा अंगठा वर उचला,” डॉक्टर म्हणाले.

मी उचलला. म्हणजे माझ्याकडून उचलला. डॉक्टर अंगठ्याकडे बघत राहिले आणि पुन्हा म्हणाले, “उचला.” तेव्हा मला कळलं की माझा निरोप अंगठ्यापर्यंत पोचलेलाच नाही.

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. “हिप डिसलोकेशन विथ अ‍ॅसिटॅब्युलर फ्रॅक्चर,” असं म्हणून मग त्यांनी मराठीत समजावलं. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो आणि तो खुब्यातल्या एका वाटीत फिरतो. त्या वाटीला अ‍ॅसिटॅब्युलम म्हणतात. माझा गोळा वाटीची मागची भिंत फोडून बाहेर गेला होता. जाताना त्याने मागून जाणारी जाड नस दाबली. ती सायटिक नर्व्ह. ती दबली की पाऊल वर उचलता येत नाही, लोंबत राहतं. त्याला फूट ड्रॉप म्हणतात.

“ही डॅशबोर्ड इन्जुरी आहे. पुढच्या सीटवरच्या माणसाचा गुडघा समोर आदळतो आणि मार खुब्याला बसतो. बेल्ट नव्हता लावला?”

“नाही.”

“का?”

त्या ‘का’चं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. ते इथे देतो, आणि नीट देतो. ज्यांच्या घरी मुलीचं लग्न झालंय किंवा व्हायचंय, त्यांनी तरी वाचावं.

मी ओझरच्या विमान कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. चौतीस वर्षं सुटे भाग तपासले. केसाहून बारीक फरक असला तरी भाग बाजूला काढायचा, लाल चिठ्ठी लावायची. पोरं गयावया करत, “साहेब, एवढं चालतंय की.” मी म्हणायचो, विमानाला ‘चालतंय’ चालत नाही. घरीही मी असाच खवट आहे. बायको सुनंदा म्हणते, तुम्ही पोळीसुद्धा मोजून खाता. अशा माणसाने ज्या दिवशी लाल चिठ्ठी लावायची त्या दिवशी लावली नाही, एवढीच माझ्या आजारपणाची गोष्ट आहे.

माझी एकुलती मुलगी स्वप्नाली दिंडोरीकडे द्राक्षवाल्यांच्या घरात दिली आहे. तिचे सासरे बाळासाहेब. आमच्या भागात व्याह्याला बोलताना ईवाई म्हणतात. बाळासाहेबांचा माल वायनरीला जातो, म्हणून घरात वाइनच्या बाटल्या ताकासारख्या असतात. दारूला ते हात लावत नाहीत, हे ते स्वतःच चारचौघांत छाती काढून सांगतात. “वाइन म्हंजी काय दारू हाय का, ईवाई? आपल्याच मळ्याचा रस तो.”

त्या रविवारी मी नातवाला बघायला एकटाच एसटीने गेलो होतो. सुनंदाचे गुडघे दुखत होते. जेवणाला मटण होतं, आणि रस होता. बाळासाहेबांनी मला एक पेला भरला, मी घेतला. व्याह्याने भरलेला पेला परत सारायचा नसतो. स्वतः त्यांनी किती घेतले ते मी मोजले. सवय आहे. पाच.

चार वाजता मी नाशिकला परत निघालो तसे ते किल्ली घेऊन उठले.

“ईवायाला यष्टीत बसवून देऊ? लोक शेण घालतील तोंडात.”

स्वप्नाली दारात उभी होती. ती म्हणाली, “पप्पा, निखिल तासाभरात येतील. ते सोडतील तुम्हाला.” निखिल म्हणजे जावई. तिचे डोळे काय म्हणत होते ते मला कळत होतं. तरी मी म्हणालो, “असू दे गं, त्यांना वाईट वाटेल.”

गाडीत बसून मी बेल्ट ओढला. बाळासाहेब हसले. “माझ्यावर भरवसा नाय का? दोन घेतल्या की माझी गाडी उलट लय सरळ चालती.” आणि मी बेल्ट सोडून दिला. तो सर्रकन जागेवर जाऊन बसला. मुलीच्या सासऱ्यासमोर बेल्ट लावणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला बेवडा म्हणणं, असं मला त्या क्षणी वाटलं. म्हणून मी मांडीवर हात ठेवून शहाण्यासारखा बसलो.

म्हसरूळच्या अलीकडे एका वळणावर गाडी सरळ गेली. त्यांचं म्हणणं खरं होतं, फक्त रस्ता वळला होता. डावी बाजू मोरीच्या कठड्यावर आदळली. बाळासाहेबांच्या भुवईवर दोन टाके पडले. माझं तुम्ही वर वाचलंच.

हॉस्पिटलात पहिल्या तासाभरात मला भूल देऊन गोळा जागेवर ओढून बसवला. याला रिडक्शन म्हणतात आणि ते जितकं लवकर होईल तितकं बरं, कारण गोळ्याचा रक्तपुरवठा थांबला तर तो पुढे आतून मरत जातो. मग नडगीतून एक पिन आरपार घालून पायाला वजन टांगलं. ते ट्रॅक्शन. चौथ्या दिवशी ऑपरेशन करून वाटीच्या भिंतीला प्लेट आणि स्क्रू लावायचे ठरलं. तोवर पाठीवर पडून राहायचं, कुशीवर वळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार जबाब घ्यायला आले. अपघाताचा पेशंट आला की हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, त्याला एमएलसी म्हणतात, मेडिको-लीगल केस. हवालदारांच्या आधी अर्धा तास बाळासाहेब आले होते. भुवईला पट्टी, हातात शहाळं. ते माझ्या कानाशी वाकले.

“ईवाई, कुत्रं आडवं आलं म्हणून सांगा. घरातली गोष्ट घरात राहील. पोरीचा संसार हाय.”

शेवटचं वाक्य त्यांनी फार मऊ आवाजात म्हटलं. सुनंदा पायाशी उभी होती. तिने माझ्याकडे बघून हात जोडले.

मी हवालदारांना सांगितलं, कुत्रं आडवं आलं. त्यांनी कुत्र्याचा रंग विचारला. मी म्हणालो, काळं. कारखान्यात मी उभ्या आयुष्यात खोटी सही केली नव्हती. ती कॉटवर पडून, सलाइन लावलेल्या हाताने केली.

आता तुमच्यासाठी सांगतो. असा प्रसंग आला तर औषधांच्या गुंगीत जबाब देऊ नका. डॉक्टरांना सांगितलं तर ते पोलिसांना नंतर यायला सांगतात. आणि कॅज्युअल्टीत काय लिहिलंय ते घरच्या माणसाला वाचायला लावा. मी वाचलं नव्हतं, त्याचं फळ पुढे मिळालं.

ऑपरेशन साडेतीन तास चाललं. डॉक्टर म्हणाले, “वाटी छान बसली. नस तुटलेली नाही, दुखावली आहे. अशी नस साधारण दिवसाला एक मिलिमीटर भरून येते. वाट बघायची.” खुब्यापासून अंगठ्यापर्यंत अंतर किती, ते मी मनात मोजलं आणि मग मोजणं बंद केलं. पावलाला एक प्लॅस्टिकचा आधार बांधला, म्हणजे ते खाली पडणार नाही. बारा आठवडे डाव्या पायावर भार द्यायचा नाही.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले? सूड चघळत. पुस्तकांत लिहितात तशी मला देवाची आठवण आली नाही. मला बाळासाहेब बेडपॅनवर बसलेले दिसायचे. झाडून-पुसून घेणाऱ्या मावशी मला आधार देऊन उचलायच्या, पडदा ओढायच्या आणि म्हणायच्या, “बाबा, लाज नका धरू, सगळ्यांचं सारखंच असतं.” मी डोळे मिटून मनात म्हणायचो, त्यांचंही असंच होऊ दे. त्यांनाही चार वाजता लागू दे आणि मावशी साडेचारला येऊ दे. रोज एक नवी शिक्षा मी शोधायचो. त्याने वेदना कमी व्हायच्या, खोटं कशाला बोलू? गोळ्यांइतका नाही, पण गुण यायचा.

दहाव्या दिवशी स्वप्नाली आली. बाळ घरी ठेवून, एकटीच. माझ्या पावलाच्या आधाराचे पट्टे सारखे करता करता म्हणाली, “पप्पा, गाडी आली गॅरेजमधून.”

“इतक्या लवकर?”

“पोलिसांनी धरलीच नाही ना. कुत्रं आडवं आलं होतं.” तिने पट्टा जरा जास्तच जोरात ओढला. “काल जेवणानंतर सासऱ्यांनी बाळाला मांडीवर घेतलं, स्टीअरिंगशी बसवलं आणि मळ्यापर्यंत चक्कर मारून आणली. मी आडवी गेले तर म्हणाले, तुझ्या बापाने पोलिसाला लिहून दिलंय, माझी काही चूक नव्हती म्हणून.”

सात महिन्यांचं पोर.

“तुझ्यासाठीच केलं गं, तुझ्या संसारासाठी,” मी कसंबसं म्हणालो.

“मी सांगितलं होतं?” ती म्हणाली. “मी तर दारात उभी राहून उलट सांगत होते. तुम्हाला व्याह्यांचं वाईट वाटतं, माझं नाही वाटत.” मग ती रडली. कारखान्यात माझ्यावर कुणी एवढं बरोबर बोट ठेवलं नव्हतं.

त्याच दिवशी मी हवालदारांना फोन लावला. पुरवणी जबाब देता येतो, हेही लक्षात ठेवा. हवालदार आले, बसले, सगळं लिहून घेतलं. पाच पेले, बेल्ट, काळं कुत्रं जे नव्हतंच. मग पेनला टोपण लावत म्हणाले, “काका, हे तेव्हाच सांगितलं असतं तर त्यांचं रक्त घेतलं असतं. आता दहा दिवसांनी काय सापडणार? आणि एक सांगू का, कॅज्युअल्टीच्या कागदावर तुमच्याच तोंडाला वास येत होता असं लिहिलंय. सगळ्या फायलीत दारू फक्त तुमच्या नावावर हाय.”

मी हसलो. टाके दुखले, तरी हसलो. दुसरं काय करणार?

गुन्हा नोंदला गेला तो निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा. त्यात वाइनचा थेंब नाही. दोन दिवसांनी बाळासाहेब आले. या वेळी शहाळं नव्हतं.

“ईवाई, तुमी पन घेतलीच व्हती की. मी काय तुमच्या तोंडात वतली? आन् कारखान्यातून सुटल्यावर तुमी काय दूध पीत व्हते का?”

हे त्यांना कुणी सांगितलं होतं? मीच. लग्नाच्या बैठकीत, मोकळेपणा दाखवायला.

आणि ते खरं आहे. कुणी रिटायर झालं, कुणाला बढती मिळाली की आम्ही चार जण हायवेवरच्या ढाब्यावर बसायचो आणि मग मी स्कूटर काढून नाशिकला यायचो. “स्कूटरला घर पाठ आहे,” हा माझा विनोद होता. एका संध्याकाळी दहाव्या मैलाजवळ एका सायकलवाल्याला माझं हँडल लागलं. तो पडला. आरशात तो उठताना दिसला, हात हलवून शिव्या देत होता. मी थांबलो नाही. घरी येऊन भाजी अळणी आहे म्हणून सुनंदाला बोललो. दिवसभर मायक्रॉन मोजायचे आणि संध्याकाळी असं. त्या माणसाचा पाय बघायला मी गेलो नाही. त्याचाही अंगठा उचलला जात होता की नाही, मला माहीत नाही.

हे सगळं आठवून मी बाळासाहेबांना माफ केलं असेल, असं तुम्हाला वाटत असेल तर नाही. दोन सदोष भाग एकमेकांवर ठेवले म्हणून त्यातला कुठलाच पास होत नाही. मी घरी आल्यावर पहिलं काम केलं ते स्कूटरची किल्ली सुनंदाच्या ताब्यात देण्याचं. पेला घेतलेल्या दिवशी ती मागायची नाही. हा माझा हिशेब झाला. त्यांचा राहिला होता.

घरी वॉकर, त्यात पहिले बारा आठवडे डावा पाय न टेकवता. फिजिओथेरपिस्ट मुलगी आठवड्यातून तीनदा यायची. पायाला चिमट्यांसारख्या तारा लावून बारीक करंट द्यायची, त्याने स्नायू जागे राहतात. “काका, अंगठ्याचा विचार करा,” ती म्हणायची. मी अंगठ्याचा विचार करायचो आणि मध्येच बाळासाहेब यायचे. पंधराव्या आठवड्यात एका सकाळी अंगठा हलला. मिलिमीटरच्या हिशेबाच्या कितीतरी आधी. जेमतेम, पण हलला. सुनंदाने हातातलं पीठ तसंच घेऊन येऊन बघितलं. “पुन्हा,” ती म्हणाली. मी पुन्हा हलवला. आम्ही दोघं त्या अंगठ्याकडे बघत बसलो आणि तिकडे पोळी करपली.

माझ्यासारखं पाऊल ज्यांचं लोंबतंय त्यांना सांगतो, धीर सोडू नका. पट्टा रात्रंदिवस बांधा, कंटाळलात तरी व्यायाम चुकवू नका, आणि रोज बघू नका. आठवड्याने बघा. डॉक्टरांचे, त्या फिजिओच्या मुलीचे आणि पडदा ओढणाऱ्या मावशींचे उपकार मी विसरणार नाही. मावशींना मी नावानिशी साडी नेऊन दिली. त्या म्हणाल्या, “बाबा, चालत आला, तीच साडी.”

आता शेवटचं.

नातवाला अकरावा महिना लागला आणि जावळ काढायचं ठरलं. कार्यक्रम बाळासाहेबांच्या मळ्यात, सगळी भाऊबंदकी गोळा झालेली. आम्ही रिक्षा करून गेलो. मामा म्हणून माझा पुतण्या पोराला मांडीवर घेऊन बसला. केस उतरले, पोर रडून झोपलं, जेवणाची पानं मांडायची तेवढ्यात बाळासाहेब ताट घेऊन उठले. टोपी, उपरणं, नारळ. मुलीच्या बापाचा मान. चार महिन्यांत आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो, आणि आता शंभर माणसांत ते मला मान देऊन पोलीस स्टेशन पुसून टाकणार होते. मी टोपी घातली की झालं, ईवाई-ईवाई एक झाले.

डोळ्यांसमोर बेल्ट सर्रकन जाताना दिसला. मान राखण्यापायी मी त्या गाडीत बसलो होतो. म्हटलं, मानानेच फेडू.

“टोपी नको, बाळासाहेब,” मी म्हणालो. दोन्ही हात वॉकरवरच ठेवले. “आजच्या दिवशी माझ्या पसंतीचा मान द्याल का?”

बाळासाहेबांना वाटलं, मी अंगठी मागणार किंवा कपडे. ते सुटल्यासारखे हसले आणि मोठ्याने म्हणाले, “मागा की, ईवाई! आज तुमाला नाय म्हननार नाय. सगळ्यांसमोर सांगतो.”

“तुमच्या गाडीची किल्ली.”

कुणीतरी हसलं. मग पुन्हा कुणी हसलं नाही. मी धोतर-पायजमा काही घातलं नव्हतं, मुद्दाम अर्धी पँट घालून गेलो होतो. डाव्या पायाचा पट्टा आणि नडगीवरचे पिनचे दोन व्रण सगळ्यांना दिसत होते.

“गाडी नको, किल्ली द्या,” मी म्हणालो. “गाडी तुमच्याच दारात राहील. चालवील माझी लेक. तिच्याकडे लायसन्स आहे. तुम्हाला जायचं असेल तिथे नेईल.”

बाळासाहेबांचा चेहरा लाल झाला. निखिल खाली बघत होता. मग बाळासाहेबांची थोरली चुलती, पंच्याऐंशीची म्हातारी, खुर्चीतून म्हणाली, “दे रे बाळ्या. ईवायानं मानानं मागितलंय. शब्द दिला ना तू?”

त्यांनी खिशात हात घातला. किल्ली ताटात पडली, नारळाशेजारी. मी ती उचलली.

“आता दुसरी,” मी म्हणालो. “प्रत्येक गाडीला दोन असतात. इन्स्पेक्टर होतो मी.”

ती आणायला ते स्वतः घरात गेले. सगळे बघत असताना, उन्हातून, अंगण ओलांडून. तेवढं अंतर त्यांना चालताना बघून माझ्या पोटात जे थंड पडलं, त्याचं वर्णन मी करणार नाही. आजारपणात असं काही औषध असतं हे डॉक्टरांनी मला सांगितलं नव्हतं.

पानं उठल्यावर आम्हाला घरी सोडायला स्वप्नालीने गाडी काढली. व्याह्याला शहरापर्यंत पोचवण्याची रीत आहे, म्हणून बाळासाहेबांनाही यावं लागलं. मी पुढे बसलो. सुनंदा आणि ते मागे. मी बेल्ट ओढला आणि खट्टकन लावला. स्वप्नालीने आरसा सारखा केला.

म्हसरूळच्या अलीकडे ते वळण आलं. मोरीचा कठडा अजून फुटकाच होता. गाडी हळू झाली, नीट वळली. मागून आवाज आला.

“ईवाई, सूड घेतला तुमी.”

“हो,” मी म्हणालो. “बेल्ट लावा.”

मागे बेल्ट सर्रकन ओढल्याचा आवाज आला. मग खट्ट झालं.